कुत्र्यांच्या शीचा डबा आणि तीन बैठका: तुमच्या गावची मासिक सभा कशी चालते?

शेवंती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी इंग्लंडच्या पूर्व भागात एका लहान गावात राहते. नऊशेच्या आसपास वस्ती, एक चर्च, एक पब, दिवसाला चार बस. गेल्या हिवाळ्यात इथल्या पॅरिश कौन्सिलची (गावचा कारभार बघणाऱ्या समितीची) एक जागा रिकामी झाली. अशा वेळी गावात नोटीस लागते आणि दहा मतदारांनी मागणी केली तरच पोटनिवडणूक होते. कोणी केली नाही, तेव्हा कौन्सिलने आपल्याच अधिकारात माणूस घ्यायचं ठरवलं आणि शेजारच्या आजींनी माझं नाव पुढे केलं. माझा पासपोर्ट अजून भारताचा, त्यामुळे हे जमणार नाही असं मी धरूनच चालले होते. पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असेल, कायम वास्तव्याची परवानगी असेल आणि वर्षभर गावात राहत असेल, तर उभं राहता येतं. झालं, मी कौन्सिलर! मानधन शून्य.

तीन बैठका गप्प बसून ऐकल्या. तिन्हींत एकच विषय: मैदानाजवळचा कुत्र्यांच्या शीचा डबा वीस मीटर सरकवून फाटकापाशी न्यायचा. जानेवारीत कळलं की रस्त्याकडेची जागा काउंटीची आहे, त्यांची परवानगी हवी. मार्चमध्ये कळलं की डबा रिकामा करतं डिस्ट्रिक्ट कौन्सिल, त्यांची गाडी तिथे थांबते का ते विचारायला हवं. मेमध्ये वार्षिक बैठक, अध्यक्षांची निवड, विषयांची गर्दी, त्यामुळे डबा पुढे ढकलला.

बाबांना फोनवर सांगितलं. ते आमच्या गावी, जुन्नर तालुक्यात, दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते. म्हणाले, "अगं, डब्याला तीन सभा? आमच्याकडे तीन सभांत लोकांनी आख्खी पाण्याची टाकी खाल्ली असती!"

तर प्रश्न असा: तुमच्या गावची मासिक सभा खरोखर कशी चालते? विषय कोण ठरवतं, इतिवृत्त कोण लिहितं, आणि सभेत ठरतं किती, पारावर आधीच ठरलेलं असतं किती? पुढच्या बैठकीत मला तोंड उघडायचं आहे, म्हणून विचारतेय.

बिनकामाचा

पहिला!

पॅरिश म्हणजे चर्चचं ना ते? तुम्ही आता पाद्रीबाबांच्या हाताखाली का?

शेवंती

@बिनकामाचा, सासूबाईंनीही हेच विचारलं होतं :) नाव तेवढं चर्चचं राहिलंय. 1894 च्या कायद्याने गावचा कारभार चर्चपासून वेगळा काढला. चर्चची समिती निराळी, आमची निराळी. आमच्याकडे मैदान, खेळणी, बसथांब्याची शेड, भाजीचे वाफे आणि तो डबा. रस्ते काउंटीचे, कचरा डिस्ट्रिक्टचा. घरबांधणीच्या अर्जांवर आम्ही फक्त मत कळवतो, निर्णय वरचे घेतात.

माणदेशी

म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. नावं बदलून तेच की! आमच्याकडं बी मोटर जळाली की पहिलं हेच ठरवायचं असतंय, की ही जळालेली मोटर नक्की कुणाची.

खडूस_आजोबा

पंचायत समितीत 31 वर्षं काढली, विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे जरा लांबण लागेल.

मासिक सभा महिन्याला किमान एक. नोटीस पूर्ण तीन दिवस आधी. गणपूर्ती निम्म्या सदस्यांची. विषयपत्रिका कागदावर सरपंचाची, प्रत्यक्षात सचिवाची, म्हणजे ग्रामसेवकाची. पहिला विषय ठरलेला: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." इथे सगळे एका सुरात "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि इथेच निम्मी गावं फसतात. वाचून होत नाही, नुसतंच कायम होतं. कित्येक गावांत तर आधी सह्या होतात, चहा होतो, आणि मजकूर पुढच्या आठवड्यात लिहिला जातो.

शेवटचा विषयही ठरलेला: "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय." विषयपत्रिकेत जे लिहायची हिंमत झाली नाही ते सगळं या एका ओळीत मावतं. मी तपासणीला गेलो की प्रोसिडिंग बुकाचं शेवटचं पान आधी उघडायचो. पंधरा ओळींच्या सभेला तीन पानांचे ऐनवेळचे विषय असले, की समजायचं आज जेवण उशिरा.

आणखी एक खूण सांगतो. दोन ठरावांच्या मधे चार बोटं कोरी जागा दिसली, तर ती सुंदर अक्षरासाठी सोडलेली नसते.

शेवंतीताई, तुमच्याकडे ऐनवेळचे विषय असतात का?

शेवंती

आजोबा, तुम्ही नेमकं तेच विचारलंत! इथे पण पूर्ण तीन दिवस आधी नोटीस. त्यात नोटीस लावल्याचा दिवस, बैठकीचा दिवस आणि मधला रविवार धरायचा नाही. पण विषयपत्रिकेत जे नाही त्यावर निर्णय घेताच येत नाही. बोला हवं तेवढं, ठराव नाही. मार्चमध्ये एकाने मधेच झोपाळ्याच्या साखळीचं काढलं, तर क्लार्कबाई (म्हणजे आमच्या कौन्सिलच्या पगारी सचिव) शांतपणे म्हणाल्या, पुढच्या वेळी घेऊ. मला तेव्हा राग आला होता. आता तुमच्या तीन पानांचं वाचून जरा निवळला.

रेघोट्या

इथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. नेहमीप्रमाणे "तिकडे शिस्त, इकडे चोऱ्या" असा धागा व्हायला लागलाय.

शेवंती, तुमच्या कौन्सिलच्या हातात एक मैदान आणि एक डबा. आमच्या ग्रामपंचायतीच्या हातात पाणी, गटारं, दिवाबत्ती, घरकुलांच्या याद्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, शिवाय वरून पडेल ती योजना. हातात काहीच नसलं की शिस्तीत वागणं सोपं जातं. साखळी तुटलेला झोपाळा दोन महिने तसाच राहिला याला मी तरी शिस्त म्हणणार नाही. आमच्याकडे ऐनवेळचा विषय नसता, तर मे महिन्यात जळालेली मोटर जूनच्या सभेत दुरुस्त झाली असती.

खडूस_आजोबा

@रेघोट्या, मोटरीला कोणी अडवलंय? तातडीचा खर्च करून पुढच्या सभेत मान्यता घेता येते. ऐनवेळच्या विषयात मोटर कमी आणि सरपंचांच्या मेहुण्याचा गाळा जास्त असतो.

माणदेशी

गाळा वाचून हसायला आलं आजोबा. आमच्यात सेम.

शेवंती

@रेघोट्या, झोपाळ्याचं खरं आहे. त्या रात्रीच क्लार्कबाईंनी तो बांधून ठेवला, म्हणजे कोणी बसू नये म्हणून. दुरुस्त मात्र मेच्या बैठकीनंतर झाला. पोरं सात आठवडे बांधलेल्या झोपाळ्याकडे बघत होती.

तीन_गावांचा_धनी

मी ग्रामसेवक. म्हणजे होतो. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून आमचं "ग्रामपंचायत अधिकारी" केलं. पाटी बदलली, गावं तीन होती ती तीनच राहिली.

आजोबा, कोऱ्या जागेचं तुम्ही लिहिलंत, मान्य. आता दुसरी बाजू ऐका. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरं, बुधवारी पंचायत समितीत मीटिंग, गुरुवारी तिसरं गाव. लेखासंहितेचे, म्हणजे हिशोबाच्या नियमांतले, नमुने 1 ते 33. तेवढं कागदावर, आणि तेच पुन्हा संगणकावर. सभा चालू असताना दोन सदस्य भांडतात, एक फोनवर, एक जण "माझं नाव विरोधात लिहा" म्हणतो आणि पाच मिनिटांनी "नको, खोडा" म्हणतो. खोडलं तर खाडाखोड, नाही खोडलं तर दुश्मनी. म्हणून मी कच्च्या वहीत लिहितो आणि नंतर उतरवतो. प्रत्येक कोरी जागा पापाची नसते, साहेब.

पंधराव्या वित्त आयोगाचं, म्हणजे 2021 ते 2026 साठी केंद्राकडून ग्रामपंचायतींना आलेल्या निधीचं, एकदाच सांगतो, कारण प्रत्येक सभेत हेच भांडण होतं. निधीचा 60 टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता. 40 टक्के अबंधित. बंधितमधून देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसत नाहीत. मी रागावून बोलतो म्हणून ते बसत नाहीत असं नाही, ते बसतच नाहीत.

आणि रोज एक तरी माणूस "आठ अ द्या" म्हणून माझ्याकडे येतो. आठ-अ तलाठ्याकडे, जमिनीचा. माझ्याकडे नमुना आठ, घराचा. दारावर बोर्ड लावलाय. बोर्ड वाचून आत येतात आणि म्हणतात, "आठ अ द्या."

बिनकामाचा

भाऊ, ते जाऊ द्या. आठ अ कधी मिळेल?

पाटलीणबाई

तीन_गावांचा_धनी, बोर्डावर हसले खूप.

मी सरपंच आहे, महिला राखीव जागेवर थेट निवडून आलेली. आमच्याकडे नऊ सदस्य. पहिले सहा महिने काय झालं ते प्रामाणिकपणे सांगते. गावात "सरपंचसाहेब" अशी हाक आली की आमचे हे मागे वळून बघायचे. सभेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर तेच. डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह त्यांच्या शर्टाच्या खिशात. मी चहा सांगायचे.

एकदा ग्रामसभेच्या आदल्या दिवशीची महिला सभा होती. एक म्हातारी उठून म्हणाली, "बाई, नळाला पाणी संध्याकाळी सोडा, सकाळी आम्ही खुरपायला जातो." मी म्हटलं, विचारून सांगते. ती म्हणाली, "कुणाला विचारणार? सरपंच तूच ना?" त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या मासिक सभेला शिपायाला सांगितलं, खुर्च्या मोजून अकरा ठेव. नऊ सदस्य, मी आणि ग्रामसेवक. एकही जास्त नको. हे आले, जरा वेळ दारात उभे राहिले, मग समोरच्या टपरीवर जाऊन बसले. घरी दोन दिवस अबोला होता. पेनड्राइव्ह आता माझ्या पर्समध्ये असतो. आणि पाणी संध्याकाळी सुटतं.

शेवंती, तू काय बोलायचं विचारतेस ना? आदल्या रात्री विषयपत्रिका घरी वाचत जा. सभेत वाचायला घेतली की लोक वेळ जातोय म्हणून घाई करतात आणि त्या घाईतच सही होते.

माणदेशी

अकरा खुर्च्या! ताई, दंडवत.

मांडवीकाठ

गोव्यातून थोडं. आमच्याकडे पंच, सरपंच आणि पंचायत सचिव. ग्रामसभा रविवारी, त्यामुळे माणसं येतात आणि जोरात येतात. बांधकामाचा परवाना पंचायत देते, तेव्हा भांडण डब्यावरून होत नाही, डोंगर कापण्यावरून होतं. "हे हॉटेल आले कसे, आम्हाला कळले कसे नाही" हा कायमचा प्रश्न. रेघोट्या म्हणतात त्यात तथ्य आहे, हातात परवाना आला की सभेचा रंग बदलतो. शेवंतीबाईंच्या कौन्सिलला उद्या परवाने द्यायचा अधिकार आला, तर क्लार्कबाईंचा शांतपणा किती टिकतो ते बघायला मला आवडेल.

शेवंती

मांडवीकाठ, :) कोणी घर वाढवायचा अर्ज केला की आमची बैठक गच्च भरते. एरवी बाहेरचे दोन जण असतात, त्या दिवशी तीस. लोकांना बोलायला पंधरा मिनिटं राखून ठेवलेली. पंधरा मिनिटं आग ओकतात आणि मग अध्यक्ष सांगतात, आपण फक्त मत कळवू शकतो.

बिनकामाचा

ती व्हिडिओवाली भांडकुदळ सभा तुमच्याकडचीच ना? "तुम्हाला इथे काहीही अधिकार नाही, जॅकी वीव्हर" वाली?

शेवंती

हो, पण आमचं गाव नाही ते. हँडफोर्थ पॅरिश कौन्सिल, डिसेंबर 2020 ची झूमवरची बैठक, 2021 च्या फेब्रुवारीत जगभर पसरली. जॅकीबाईंनी सरळ अध्यक्षांनाच बैठकीबाहेर काढलं. इथे अजून कोणी कोणावर ओरडलं की तिसरा हळूच ते वाक्य म्हणतो.

माणदेशी

आता मूळ दुखणं काढतो. वसुली. ताई, तुमच्या कौन्सिलला पैसा येतोय कुठनं?

शेवंती

जानेवारीत आम्ही वर्षाचा खर्च मांडतो आणि लोकांकडून एकूण किती घ्यायचं तो आकडा ठरवतो, त्याला प्रिसेप्ट म्हणतात. तो डिस्ट्रिक्टला कळवला की ते आपल्या कौन्सिल टॅक्ससोबत गोळा करून आम्हाला देतात. आम्ही कोणाच्या दारात जात नाही.

माणदेशी

हितंच तर गोम हाय! आमच्यात आकडा बी आम्हीच ठरवायचा आणि दारात बी आम्हीच जायचं. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य. ज्याच्या दारात मार्चमधी पट्टीला जायचं, त्याच्याच दारात पुढं मताला जायचंय. कोण जाईल? मग शिपाई जातो. शिपायाला लोक म्हणत्यात, आधी गटार काढा. गटार काढायला पैसा न्हाय, कारण पट्टी न्हाय. हे चाक असंच फिरतंय.

खरी वसुली एकाच आठवड्यात होती, निवडणुकीचा फॉर्म भरायच्या. थकबाकीदाराला उभं राहता येत न्हाय, म्हणून सगळ्या पॅनेलवाल्यांची सात-सात वर्षांची पट्टी एका दिवसात भरली जाती. आमच्या एका मेंबरानं तर सूचकाची पण भरली.

खडूस_आजोबा

निवडून आल्यावरही तेच. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. विरोधी पार्टीचं सगळ्यात आवडतं कलम. स्वतःची पट्टी भरायला विसरतात, पण समोरच्याच्या बिलाची तारीख तोंडपाठ.

वसुलीचा उत्तम उपाय मी पाहिला तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचा. भास्करराव पेरे पाटलांच्या काळात कर भरणाऱ्याला पिठाच्या गिरणीवर दळण फुकट. धमकी नाही, जप्ती नाही. पिठाचा डबा घेऊन आलेली बाई घरी जाऊन नवऱ्याला विचारते, "पट्टी का भरली नाही?" तिथे नवऱ्याचं काही चालत नाही.

रेघोट्या

हे मात्र मान्य. आणि यातच माझ्या आधीच्या प्रतिसादाचं उत्तरही आलं. आमच्या सरपंचांना कर वाढवायची भीती वाटते, म्हणून ते वरच्या निधीची वाट बघतात. मग निधी वरचा, तर हिशोबही वरच्यांनाच द्यायचा. गावाला कोण विचारतो! शेवंतीच्या गावात पाच पौंड वाढवायचे तर लोक येऊन जाब विचारत असतील.

शेवंती

जानेवारीत सहाच जण आले होते. पण आले ते कॅल्क्युलेटर घेऊन.

तीन_गावांचा_धनी

सहा? आमची ग्रामसभा ऐका. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. 15 ऑगस्टला झेंडा झाला की शाळेची पोरं धरून शंभर डोकी दिसतात. जिलेबी वाटून झाली की अठरा उरतात. मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे गाव चालतं ते तहकुबीवर.

मांडवीकाठ

"गाव चालतं ते तहकुबीवर". हे पंचायत घराच्या भिंतीवर रंगवायला हवं.

बिनकामाचा

सगळं झालं, पण मुख्य विषय राहिला. तिकडे सभेत चहाबरोबर काय देतात?

शेवंती

काहीच नाही! चहाही नाही. पाण्याचा जग. गावच्या मतदारांची वर्षातून एक वेगळी सभा असते, 1 मार्च ते 1 जूनच्या मधे घ्यावी लागते. तिला मात्र केक, तोही कोणीतरी घरून करून आणतं.

पाटलीणबाई

चहाशिवाय मासिक सभा? मग सह्या कशा घेतात?

तीन_गावांचा_धनी

सदस्याचा बैठक भत्ता 200 रुपये. सभेनंतर टपरीवर त्यातले शंभर संपतात. भत्त्याच्या पावतीवर मात्र सगळे पहिली सही करतात, इतिवृत्तावर शेवटी.

खडूस_आजोबा

धागा टपरीवर गेला. शेवंतीताई, डब्याचं काय झालं? जुलैची बैठक झाली असेल ना?

शेवंती

झाली. कालच. सांगते.

पाटलीणबाईंचं ऐकून जुनी इतिवृत्तं घरी बसून वाचली. मार्चच्या इतिवृत्तात एक ओळ होती: "क्लार्क काउंटी आणि डिस्ट्रिक्ट दोघांना पत्र लिहितील." मेच्या इतिवृत्तात पत्राचा उल्लेखच नाही. आजोबांचं वाचून वाटलं होतं की पहिल्याच विषयात पकडावं. पण इथे इतिवृत्ताच्या वेळी फक्त ते बरोबर लिहिलंय का एवढंच बोलता येतं. म्हणून दहा दिवस आधी क्लार्कबाईंना मेल केली, विषयपत्रिकेत घाला: "डबा, मार्चच्या पत्रांची स्थिती." आला, विषय क्रमांक 9.

नंबर आल्यावर विचारलं. आवाज जरा कापला. क्लार्कबाईंनी फाईल उघडली, दोन पानं मागे, एक पुढे. त्यांना आठवड्याला आठ तासांचाच पगार आहे आणि त्यांच्याकडेही आमच्यासारखी दोन गावं आहेत. मला एकदम तीन_गावांचा_धनी आठवले. पत्रं गेली होती. दोन्ही उत्तरं एप्रिलमध्ये आली होती. दोन्ही "हरकत नाही". मेच्या गर्दीत ती फाईलमध्येच राहिली. म्हणजे आम्ही तीन महिने ज्या परवानगीची वाट बघत होतो, ती त्याच खोलीत होती.

बाई लाल झाल्या, माफी मागितली. मला वाईट वाटलं. मग मी म्हटलं, डबा हलवावा असं मी सुचवते. शेजारच्या आजींच्या मुलाने अनुमोदन दिलं. सातही हात वर. चार मिनिटं लागली.

तीन_गावांचा_धनी

क्लार्कबाईंना माझा नमस्कार सांगा. आलेलं पत्र फाईलला लागतं आणि विषयपत्रिकेला लागत नाही, हे दुःख कळणारी माणसं फार कमी आहेत.

माणदेशी

सात मेंबर? नऊशे वस्तीला आमच्यात बी सातच!

पाटलीणबाई

शाब्बास गं. बाबा काय म्हणाले?

शेवंती

बाबा म्हणाले, "चार मिनिटांत? मग विरोधी पार्टी काय करत होती?"

खडूस_आजोबा

अभिनंदन. आता शेवटचं काम. कच्चं इतिवृत्त आलं की सूचक म्हणून तुमचं नाव आलंय का ते बघा. ठराव बहुमताने होवो की एकमताने, वीस वर्षांनी कोणी पान उघडलं की सूचक आणि अनुमोदक एवढेच उरतात.

शेवंती

आजोबा, आज सकाळीच आलं. नाव आहे, पण स्पेलिंग चुकलंय.

क्लार्कबाईंना कळवलं. म्हणाल्या, दुरुस्ती बैठकीतच होते. सप्टेंबर, विषय क्रमांक 3.